अनोळखी गिऱ्हाईक पाहिजे

आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे आणि ते जवळजवळ रिकामं आहे, कारण आमचं सगळं काम स्क्रीनवर. कागद साठत नाहीत, किस्से मात्र साठतात. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "अगं, तो ड्रायव्हिंग स्कूलवाला आठवतो का?" आणि भाजी गार होते. मध्यंतरी वैतागून मी नियम केला, जेवताना क्लायंटचा विषय काढायचा नाही. नियम दीड दिवस टिकला. तो कसा मोडला हाही आता एक किस्सा झालाय, आणि तोसुद्धा जेवतानाच सांगितला जातो!

ऑफिस वसईत, माणिकपूरला, रिक्षा स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान. माणसं तीन. मी नीता, पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. रेमी, जवळच्या गास गावचा, वेबसाईट बनवतो. आणि तुळिंजची स्नेहल, ती क्लायंटशी बोलते, कारण तिला राग येत नाही. मला येतो.

काम एवढंच की लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा आमच्या क्लायंटचं नाव वर दिसलं पाहिजे, आणि एकदा वर आलं की वरच राहिलं पाहिजे. वर आणणं त्यातल्या त्यात सोपं, टिकवताना घाम निघतो. कोण वर आणि कोण खाली हे सर्च इंजिन ठरवतं. त्याला आम्ही ऑफिसात 'साहेब' म्हणतो. तो दिसत नाही, फोन उचलत नाही, कारण सांगत नाही आणि मनाला येईल तेव्हा नियम बदलतो. दुसरं काय म्हणणार?

*

आईला हे काम समजवायला मला चार वर्षं लागली. ती विरारला राहते, मूळची भातशेतीच्या गावातली. शेवटी एकदा मी तिला म्हटलं, "आई, तुळिंजच्या बाजारात किती भाजीवाल्या बसतात? जी गल्लीच्या तोंडाशी बसते तिची भाजी आधी संपते, बरोबर? मी माझ्या गिऱ्हाइकाची टोपली उचलून गल्लीच्या तोंडाशी ठेवते. दुसरीनं ती मागे ढकलली की परत पुढे आणते. रोज."

आईनं विळीवरून मान वर केली. "म्हनजे भांडनंच की!"

"भांडणं नाही गं, त्याच्यात टेक्निक असतं."

"आनि त्यासाठी शाळेतली नोकरी सोडलीस?"

तेव्हापासून शेजारणींनी विचारलं, लेक काय करते, की आई सांगते, "बाजारात बसते."

*

आता सेसिलिया मावशी. या रेमीच्या सख्ख्या मावशी, पण एका मोसमात आम्हा तिघांच्याही झाल्या. गासला त्यांचं घर, घरामागे बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि तळ्याच्या काठानं राजेळी केळीची वाडी. पिकलेली राजेळी सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज हातानं उलटायची, मग वाळक्या केळीच्या पानात बांधायची. याला म्हणतात सुकेळी. रंग काळपट तपकिरी, चव मधासारखी. मावशींची सासू करायची, आता मावशी करतात. करणारी घरं हल्ली शोधावी लागतात.

मावशींचा मुलगा ऑस्टिन बँकेत आहे. पोरगा चांगला, आईचे गुडघे रोज तेल लावून चोळतो. पण चोळता चोळता म्हणायचा, "आई, तुझे गुडघे गेले. आणि आता खाणारं तरी कोण आहे? वाडी टर्फला दे. पोरं क्रिकेट खेळतील, तू खुर्चीत बसून बघ." टर्फसाठी जागा बघणारा माणूसही त्यानं गाठला होता.

रेमी मावशींना ऑफिसात घेऊन आला. म्हणाला, "नीताताई, आपण मावशीचं काम एक मोसम घेऊ." मावशी घरी त्यांच्या बोलीत बोलतात, पण माझ्याशी बोलताना जपून शाळेतली मराठी वापरत होत्या. त्यांनी आधी आमची परीक्षा घेतली.

"तुमचा तो साहेब नंबर देतो. त्यानं सुकेळी खाल्ली आहे का?"

"नाही मावशी, तो काही खात नाही."

"न खाता नंबर देतो?"

मग त्यांनी अट घातली. "नात्यातले घेतात ते माझ्या तोंडाकडे बघून. अनोळखी माणूस पहिल्यांदा घेईल ते तुमच्या वेबसाईटमुळे. पण अनोळखी माणसानं दुसऱ्यांदा मागितली, तर ती सुकेळीमुळे. असा एक निघाला तरी मेअखेरीस मी नवे मुनवे लावीन. नाही निघाला, तर ऑस्टिन म्हणतो तसं." मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं, त्यांचीच नवी बाग धरतात.

"एकच?" मी विचारलं.

"एकच."

मला वाटलं, दोन आठवड्यांचं काम! गासच्या बाईच्या लेखी अनोळखी माणूस ही काय चीज असते, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

*

ड्रायव्हिंग स्कूलवाले घरत सर म्हणजे आमचे सगळ्यात समाधानी क्लायंट. काम दिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. "मॅडम, मानलं तुम्हाला! 'ड्रायव्हिंग स्कूल' टाकलं की मी पहिला!"

रेमीनं माझ्याकडे बघितलं, मी स्नेहलकडे. आम्ही अजून कामाला हातसुद्धा लावला नव्हता.

झालं होतं असं, की घरत सर दिवसातून चाळीस वेळा स्वतःचीच वेबसाईट उघडायचे. फोनला वाटलं, या माणसाला जगात एवढंच आवडतं, म्हणून तो त्यांना तेच पहिलं दाखवायचा. स्नेहलनं त्यांना गोड आवाजात सांगितलं, "सर, एकदा मॅडमच्या फोनवरून बघा ना." सरांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "चौदावे आहात."

सरांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "तिच्या फोनची पण काय चूक म्हणा, लग्नाला बावीस वर्षं झाली."

काही महिन्यांनी ते खरोखर तिसऱ्या नंबरावर आले आणि त्यांचा हुरूप वाढला. एका सकाळी ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, आता टर्फ काढतोय. आत्तापासून पेज बनवून ठेवा. लिहा, 'लवकरच, गास'. मस्त जागा आहे, मागे तळं आहे, केळी काढल्या की सपाट मैदान."

रेमीचे हात कीबोर्डवर थांबले. मी विचारलं, "जागा कोणाची?"

"एका आंटीची. मुलगा तयार आहे, आंटीचं काहीतरी नवस का अट चाललीये. मेअखेर कळेल. पेजला किती वेळ लागेल?"

मला असा राग आला होता की बोलता येईना. स्नेहलला राग येत नाही, म्हणून तीच बोलली. "मेअखेरपर्यंत लागेलच, सर."

*

मावशींची वेबसाईट चढायला लागली. 'सुकेळी' टाकलं की आधी पाचव्या, मग दुसऱ्या जागी. ऑर्डरी येऊ लागल्या आणि एक दिवस पुण्याच्या एका बाईची दुसऱ्यांदा ऑर्डर आली! आम्ही तिघांनी ऑफिसात नाचून घेतलं. खालचा मिक्सरवाला वर येऊन बघून गेला.

रेमीनं मावशींना फोन लावला, स्पीकरवर. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ती धरता येत नाही रे. तिची आजेसासू आगाशीची. आमच्या मामीची शेजारीण."

"तुला कसं कळलं?"

"पहिल्या वेळेला विचारलं ना मी तिला."

मग दुबईचा एक माणूस दुसऱ्यांदा मागवता झाला. तो निघाला मावशींच्या भावाबरोबर चर्चच्या गायनमंडळात असलेल्या माणसाचा जावई. बाद. मग रांचीची एक शिक्षिका. रांची! मी म्हटलं, आता कोण सापडणार? तर तिला लहानपणी गणित शिकवणारी सिस्टर गासची. "आमच्याच आळीतली," मावशी म्हणाल्या. "म्हणजे मुलगी आपलीच झाली."

रेमी रडकुंडीला आला. "मावशी, तू विचारतेस कशाला?"

"नाव-गाव न विचारता खायचं पाठवू? माणसं आहोत ना आपण!"

स्नेहल त्या दिवशी डबा खाताना म्हणाली, "आपण जगभरातून अनोळखी माणसं गोळा करून पहिल्या पानावर आणतो आणि मावशी चार मिनिटांत त्यांना नातेवाईक करतात. कोण जास्त फास्ट काम करतं?"

*

मधे एक वेगळाच पेच आला होता. लग्नात वाजवणारे दोन बँडवाले, चुलत भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचं काम आम्ही आधीच घेतलेलं. दुसरा आला आणि म्हणाला, मलाही पहिला नंबर. मी समजावलं, पहिला नंबर एकच असतो. तेवढ्यात पहिला जिना चढून वर आला. दोघं समोरासमोर! मला वाटलं, आता खुर्च्या उडणार.

पण दोघांच्या घरामागे एकच सामाईक विहीर, आणि वाडीला पाणी कोणी कधी घ्यायचं याची पाळी त्यांच्या आजोबांनी लावून दिलेली. ती पाळी भांडणातही मोडलेली नाही. पहिला म्हणाला, "सोम, बुध, शुक्र मी वर." दुसरा म्हणाला, "मंगळ, गुरू, शनी मी." रविवारचं काय यावर थोडा खल झाला आणि तो दिवस देवाला सोडला.

मी म्हटलं, "अहो, पण साहेब असली पाळी मानत नाही."

दोघांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मग त्याला एकदा विहिरीवर बोलवा," दुसरा म्हणाला. दोघं एकाच रिक्षानं परत गेले, एवढं मी खिडकीतून बघितलं.

*

मार्चमध्ये साहेबानं नियम बदलले. असं झालं की आमच्या ऑफिसात सुतक असतं. सकाळी उठून बघावं तर काल वर असलेली नावं गायब. घरत सर तिसऱ्यावरून एकोणिसाव्यावर, आणि मावशींची सुकेळी थेट चौथ्या पानावर. वर सगळीकडे केळ्याचे वेफर्स विकणारे बसलेले!

मावशींना कसं सांगायचं यावर आम्ही अर्धा तास काढला. शेवटी मी फोन केला. "मावशी, वाईट बातमी आहे. आपण चौथ्या पानावर गेलो."

"बरं."

"म्हणजे आता कोणी बघणार नाही. लोक पहिल्या पानाच्या पुढे जातच नाहीत."

मावशींना हे खरंच कळेना. "का? चार पानं उलटायला काय होतं त्यांना? प्रार्थनेच्या पुस्तकात मी दर रविवारी एकशे बावन्नाव्या पानावर जाते!"

मी हसले, पण मेअखेरीला फार दिवस उरले नव्हते. आम्ही सगळं नव्यानं लिहायला घेतलं. स्नेहल तीन दिवस गासला जाऊन बसली, मावशी जे बोलतील ते टिपून आणलं. ढग आले तर काय करायचं, कावळा कसा हाकलायचा, बोटाला कधी कळतं की केळं आतून वाळलं. रेमीनं ते जसंच्या तसं वेबसाईटवर टाकलं. तीन आठवड्यांत सुकेळी पहिल्या पानावर परत आली! मला वाटतं माझ्या सगळ्या कामांत मला अभिमान आहे तो या एका पानाचा.

*

आणि मग आम्हीच माती खाल्ली. खरं तर रेमीनं. तो सहज मावशींना बोलून गेला, "ज्यांनी सुकेळी खाल्लीये त्यांना सांग, फोनमधल्या नकाशावर आपली नोंद आहे तिथे दोन शब्द चांगले लिहा. उपयोग होतो."

मावशींनी हे मनावर घेतलं. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी सुकेळीचं ताट घेऊन बायका-पुरुषांना थांबवलं. तिथे होत्या रोझलीन टीचर, निवृत्त. जन्मभर पाचवीला मराठी शिकवलेलं. त्यांनी बघितलं, लोक फोन हातात घेऊन गोंधळलेत. टीचर पायरीवर चढल्या आणि त्यांनी शुद्धलेखन घातलं!

"लिहा. 'सेसिलिया यांची सुकेळी फार चवदार आहे.' पूर्णविराम. 'देव त्यांचं भलं करो.' पूर्णविराम. सगळ्यांनी एकसारखं लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही."

बत्तीस जणांनी लिहिलं. टीचरनी एकेकाचा फोन वहीसारखा तपासला आणि मगच ताटातली सुकेळी दिली.

आता साहेबाच्या बाजूनं बघा. एकाच जागेवरून, एकाच वायफायवरून, अर्ध्या तासात बत्तीस माणसं अक्षरही न बदलता तेच लिहितात! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बत्तीसच्या बत्तीस गायब, आणि नकाशावरून मावशींची नोंदच काढून टाकलेली. खाली कारण, संशयास्पद हालचाल. फोन नंबरही त्याच नोंदीवर होता, त्यामुळे ऑर्डरी जवळपास बंद झाल्या.

मावशी ऑफिसात आल्या, जिना थांबत थांबत चढून. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी खाल्ली होती. सगळ्यांनी खरं लिहिलं. मग मी खोटी कशी?"

या धंद्यात मी पैसे देऊन लिहून घेतलेल्या खोट्या कौतुकाचे ढीग बघितलेत, ते वर्षानुवर्षं तसेच असतात. आणि ही बत्तीस खरी वाक्यं पुसली गेली होती. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी मावशींना तसंच सांगितलं.

त्यांच्यासोबत रोझलीन टीचरही आल्या होत्या, तोंड एवढंसं झालेलं. मग म्हणाल्या, "माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या वर्गात कॉपीचं प्रकरण झालं नव्हतं हो!"

*

नोंद परत मिळवायची तर साहेबाला व्हिडिओ पाठवावा लागतो. मधे कुठेही न तोडता, एका दमात. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, माल आणि कामाची जागा दिसली पाहिजे, आणि जागा तुमचीच आहे हे सिद्ध करायला तुम्ही स्वतः किल्लीनं दार उघडलं पाहिजे.

पाटी ऑस्टिननं रंगवली. वाडी टर्फला द्यावी असं म्हणणारा ऑस्टिन, पण आईला खोटं ठरवलेलं त्याला सहन झालं नव्हतं. अडचण आली कुलपाची. मावशींच्या घराला दिवसा कुलूप कधी लागलेलंच नाही. शेवटी कोठीतून एक गंजकं कुलूप सापडलं, त्याला तेल घातलं, दाराला लावलं, आणि रेमी फोन धरून रस्त्यावरून चालत निघाला.

तो अंगणात पोचायच्या आत शेजारच्या तीन बायका धावत आल्या. "सेसिल! घराला कुलूप? कोण गेलं गं?" त्यांतली एक तर रडायलाच लागली. पहिला व्हिडिओ बाद.

दुसऱ्या वेळी शेजारणींना आधी सांगून ठेवलं. त्या सांगितल्याप्रमाणे गप्प उभ्या राहिल्या, पण रांगेनं, कॅमेऱ्याकडे बघत, हात जोडून. रेमी म्हणाला, हे बघून तर साहेब नक्की घाबरेल. तोही बाद.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं. रस्ता, पाटी, किल्ली, दार, मागचं अंगण, उन्हात मांडलेली केळी. मावशी एकेक हातानं उलटून दाखवत होत्या. रेमी खुणेनं बास म्हणतोय, तेवढ्यात मावशींनी एक तयार सुकेळी पानातून सोडवली आणि थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरली. "घे. खाऊन बघ. मग ठरव."

शेवटचे वीस सेकंद स्क्रीनवर फक्त तपकिरी रंग!

"मावशी, परत करूया," मी म्हटलं.

"आता नाही. ऊन सरकलं. माझी केळी उलटायची राहिलीत." आणि त्या वळल्या. आम्ही आहे तोच व्हिडिओ पाठवला.

सहाव्या दिवशी नोंद परत आली. कारण नाही, खुलासा नाही, फक्त हिरवी खूण. मी धावत फोन केला. मावशींना जराही नवल वाटलं नाही. "आवडली म्हणायची त्याला," त्या म्हणाल्या.

*

मे संपत आला. फोन परत वाजायला लागले होते, पण सगळे पहिल्यांदा मागणारे. दुसऱ्यांदा मागितलेले दोघं होते. एक आळीतल्याच कोणाचा व्याही निघाला, एक त्या व्याह्याचा मित्र.

शेवटच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं गासला गेलो. कारण काही नव्हतं, मावशींना एकटं सोडवेना एवढंच. पोचलो तर अंगणात घरत सर उभे, हातात मापाची टेप! ऑस्टिननं त्यांना अकरा वाजता बोलावलं होतं. सर आम्हाला बघून खूश झाले. "अरे, तुम्ही पण आलात? पेज झालं का?"

मावशी ओट्यावर बसून शेवटची सुकेळी पानात बांधत होत्या. म्हणाल्या, "मोजा, मोजा. मी शब्द दिलाय." ऑस्टिन खाली मान घालून उभा होता. त्यानं टेपचं दुसरं टोक हातात घेतलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"नमस्ते आंटी, जबलपूर से बोल रहा हूँ. पिछले महीने आप से सुकेळी मँगवाई थी, खतम हो गई. और चाहिए."

रेमी मावशींसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला आणि नुसते ओठ हलवत म्हणाला, "विचारू नकोस!"

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, आणि विचारलं.

"पिछले टाइम किसने बात किया? मैंने नही किया."

"आपके बेटे ने उठाया था, आंटी."

"हां, तभी. तो अभी बोलो, मम्मी का मायका किधर का?"

"वहीं का आंटी, जबलपूर का."

"और वाइफ?"

"वो भी इधर की."

"जबलपूर में हमारी चुलत बहिन है, सिस्टर है, कॉन्व्हेंट में. तुम्हारे को पढाया होगा."

स्नेहलनं डोळे मिटून घेतले.

"नहीं आंटी, मैं तो सरकारी स्कूल में था."

"वसई में कोई पहचान का? विरार में? नाला सोपारा?"

"कोई नहीं. मैं तो कभी मुंबई भी नहीं आया. नेट पे मिला आपका नंबर."

मावशींनी फोन तोंडाजवळ धरला. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मतलब तुम हमारा कोई नही?"

तो माणूस बिचारा ओशाळला. "नहीं आंटी. सॉरी. मैं आपका कोई नहीं हूँ."

"देव तुमचं भलं करो!" मावशी ओरडल्या आणि त्यांनी फोन कट केला. गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "ऑस्टिन! कुदळ काढ!"

ऑस्टिन कुदळीकडे असा धावला की चप्पल अंगणातच राहिली. रेमी त्याच्या मागे. मावशी मुनव्यांकडे निघाल्या, मी आणि स्नेहल त्यांना दोन्हीकडून धरायला. ओट्यावर फोन परत वाजायला लागला. वाजत राहिला. आमच्यापैकी कोणाचाच हात मोकळा नव्हता.

घरत सरांनी एकदा वाडीकडे बघितलं, एकदा फोनकडे. मग टेप बगलेत मारली, फोन उचलला आणि म्हणाले, "हां भैया, बोलिए. कितने डिब्बे?"